चौथ्या कातीची दुपार

रोहिणीला गप बसणं माहीत नव्हतं. माहेरी तिला घरदार रेडिओ म्हणायचं. वडवणीच्या बाजाराहून गावाकडं येणाऱ्या जीपमध्ये ती बसली, की उतरेपर्यंत शेजारच्या बाईचं माहेर, सासर, सुनेचा स्वभाव आणि म्हशीचं वेत सगळं तिला पाठ झालेलं असायचं. आता अशा पोरीचं लग्न कुणाशी व्हावं? तर बजरंगशी. म्हणजे ज्यानं जन्मल्यापासून तोंडात मिठाची गुळणी धरलेली, त्याच्याशी. आई म्हणाली, बरं झालं, एकानं बोलायचं आणि एकानं ऐकायचं, संसाराला आणखी काय लागतं. आईला काय जातंय बोलायला!

लग्न साट्यालोट्याचं होतं. रोहिणीच्या भावाला, बद्रीनाथला, बजरंगची बहीण स्वप्नाली दिली आणि त्याच मांडवात रोहिणी बजरंगला दिली. एकच मांडव, एकच आचारी, एकच बँड, आणि पाठवणीला रडायला दोन्हीकडच्या बाया एकदमच. हे जुळवून आणलं बजरंगच्या चुलत्यांनी, विठ्ठलरावांनी. एकमेकांच्या पोरी एकमेकांच्या घरात असल्या की दोन्ही पोरींना कुणी त्रास देत नाही, असं ते मिशीवर हात फिरवत सगळ्यांना सांगत होते. दोन घरांनी एकमेकांकडं पोरी ओलीस ठेवल्या, असाच त्याचा अर्थ की. पण तोंडात जिलबी असताना असं कोण बोलतं? रोहिणी आणि स्वप्नाली एकमेकींच्या नणंदाही झाल्या आणि भावजयाही. मग कुणी कुणाला काय म्हणायचं, यावर दोघी अंगावरची हळद निघायच्या आत खूप हसल्या, आणि शेवटी दोघींनी एकमेकींना वैनी म्हणायचं ठरवलं.

बजरंगचं गाव चौसाळ्यापासून आत, डोंगराच्या अंगाला. रान फार नाही, पण विहिरीला पाणी, दीड एकर तुती आणि तुतीच्या कडेला पत्र्याचं लांबलचक शेड. त्या शेडमध्ये रेशमाच्या अळ्या. रोहिणी पहिल्यांदा आत गेली तेव्हा किंचाळलीच. रॅकच्या कप्प्या-कप्प्यातून पांढऱ्या अळ्यांचा नुसता बुजबुजाट, आणि हा माणूस त्यांच्यावर लेकरांच्या अंगावर पांघरूण घालावं तसा तुतीच्या फांद्या पसरत चाललेला. त्यानं वळून बघितलं, किंचित हसला आणि पुन्हा कामाला लागला. भिऊ नको म्हणायला काय पैसे पडतात? पण नाही.

पहिलं वर्ष तिनं कसं काढलं ते तिलाच ठाऊक. ती दहा वाक्यं बोलायची, तेव्हा तिकडून एक "हां" यायचा. भाजी कशी झाली विचारलं तर ताट पुढं करायचा. म्हणजे आणखी वाढ, म्हणजे चांगली झाली. सासू छबुबाई तशी जीव लावणारी. तिनं सुनेला समजावलं, की माझा नवरा असाच होता, तीस वर्षांत त्यानं मला नावानं हाक मारली नाही, पण माझ्या आधी कधी जेवला नाही. रोहिणीनं आईला फोनवर रडून सांगितलं, मला मुक्याला दिलं तुम्ही. आई म्हणाली, मारत तर नाही ना? झालं. आमच्याकडं नवऱ्याची परीक्षा इथंच संपते, पुढचा पेपर कुणी काढतच नाही.

पण माणूस कळायला शेड लागलं. अळ्यांना वास चालत नाही. अत्तर नको, पावडर नको, वासाचं तेल नको, तंबाखू तर लांबूनही नको. रोहिणीनं केसाचं वासाचं तेल सोडलं, त्याच्या आधी त्यानं लग्नाअगोदरपासूनची तंबाखू सोडलेली होती. सकाळ-संध्याकाळ दोघं मिळून पाला टाकायचे, तो एका बाजूनं, ती दुसऱ्या बाजूनं, आणि मधल्या खांबाशी गाठ पडायची. तिची बाजू कधी मागं राहिली तर तो काही न म्हणता खांब ओलांडून अलीकडं यायचा. वरच्या कप्प्याला तिचा हात पुरत नव्हता, तर एके दिवशी तिथं विटांची पायरी रचलेली दिसली. कधी रचली, कुणी रचली, ताकास तूर नाही. हळूहळू तिला कळायला लागलं, की हा माणूस बोलतो, फक्त तोंडानं बोलत नाही.

दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात ते पोर गेलं. बीडच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर बायांची रीघ लागली. कुणी म्हणे वजन उचललं असशील, कुणी म्हणे अळ्या मारून रेशीम काढता, त्याचं पाप, कुणी म्हणे अजून वय काय जातंय. जी ती येऊन शहाणपण शिकवून चालली. सगळा जन्म बोलण्यात घालवलेल्या रोहिणीला त्या चार दिवसांत माणसाचा आवाज नकोसा झाला. पाचव्या दिवशी दुपारी ती उठली आणि चालत शेडकडं गेली.

त्या दिवशी अळ्या कात टाकायला बसलेल्या होत्या. कोषावर जाईपर्यंत अळी चारदा कात टाकते, आणि त्या दिवसभरात ती पाल्याला तोंड लावत नाही, हलत नाही; डोकं वर करून नुसती बसून राहते. तिला हात लावायचा नाही, पाला टाकायचा नाही, शेडमध्ये खुडबुड करायची नाही. एरवी पाला खाताना त्या हजारो तोंडांचा पत्र्यावर भुरभुर पडल्यासारखा आवाज चालू असतो, तो त्या दिवशी बंद. माणसालाही काही काम नाही. बजरंगनं शेडच्या दारात गोणपाट अंथरलेलं होतं. तिला येताना बघून तो बाजूला सरकला आणि गोणपाटावर तळहातानं दोनदा थापटलं. ती बसली. तो काही म्हणाला नाही. होईल दुसरं म्हणाला नाही, रडू नको म्हणाला नाही. तिचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि तुतीच्या चिकानं काळी पडलेली तिची बोटं एकेक करून दाबत राहिला. ती दीड-दोन तास रडली. उठताना बघितलं तर त्याच्या शर्टाची बाहीसुद्धा ओली होती, आणि ती तिच्या डोळ्यांनी ओली झालेली नव्हती.

त्या दुपारी रोहिणीचं खरं लग्न लागलं म्हणा ना.

मग तो नेमच झाला. दर बॅचला कातीच्या दिवशी दुपारी गोणपाट, त्यावर दोनदा थापटणं, आणि दोघं. कधी सीताफळ फोडायचा, अर्धं तिला. कधी तिच्या पायाच्या भेगांना कोकम लावून द्यायचा. चौथी कात तिला सगळ्यांत आवडायची. कारण तिच्यानंतरचे आठ दिवस म्हणजे अळ्या खाय खाय खातात, पाठ टेकायला सवड नसते, म्हणून त्याच्या आदल्या दुपारी दोघं जास्त वेळ बसायचे. एकदा पंचमीला ती माहेरी गेली, तर तिसऱ्या दिवशी त्याचा फोन. ती हॅलो हॅलो करतीय, आणि हा बोलेना. मग तिला फोनमधून ती भुरभुर ऐकू आली. त्यानं फोन रॅकपाशी धरला होता. ती माळवदावर फोन कानाला लावून किती तरी वेळ तशीच उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत आली.

आणि एकदाच, पाच वर्षांत एकदाच, तो गोणपाटावर बसल्या बसल्या म्हणाला होता, "तू नसली की मला ह्या शेडात पाय ठिवू वाटत न्हाई." बाई, ते एक वाक्य रोहिणीनं पेटीत ठेवलेल्या शालूसारखं जपलं. तिचं बोलणं कमी झालं. माहेरी गेली की आई म्हणायची, रेडिओचे सेल उतरले का गं? रोहिणी हसायची. तिला वाटायचं, ज्यांना काही सापडलं नाही ती माणसं बोलतात. आता हे वाटणं किती खरं होतं ते पुढं येईलच.

ह्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या अलीकडं, एके दिवशी भर दुपारी स्वप्नाली दारात उभी. हातात नुसती पर्स आणि गालावर वळ. वडवणीच्या बाजारात, माणसांच्या गर्दीत, बद्रीनाथनं तिच्या कानाखाली वाजवली होती. कारण काय, तर तिनं त्याला न विचारता शिवणाच्या क्लासला नाव घातलं. ती तिथूनच एसटीत बसली आणि माहेरी आली. रोहिणीचं डोकंच फिरलं. तिनं तिथल्या तिथं भावाला फोन लावला आणि असा झाडला, असा झाडला की शेजारच्या रानातली माणसं कामं थांबवून ऐकायला लागली. स्वप्नालीला तिनं जवळ घेतलं, म्हणाली, वैनी, त्यानं माफी मागितल्याबिगर तू जायचं नाहीस. माझा भाऊ असला म्हणून काय झालं.

पण छबुबाईचं गणित वेगळं चाललं होतं. त्या बाईच्या मनात सुनेबद्दल काही नव्हतं, हे आधी सांगायला पाहिजे. तिनं रोहिणीला जवळ बसवून सांगितलं, की माझा तुझ्यावर राग नाही. पण आमची पोर मार खाऊन घरी बसली आणि त्यांची पोर इथं सुखात आहे, हे जोवर आहे तोवर तुझ्या भावाला झळ कुठून लागणार? तूही जाऊन माहेरी बस, म्हणजे त्याची आईच त्याला नाक घासत इथं आणील. रोहिणी म्हणाली, आत्या, हे बरोबर नाही. छबुबाई म्हणाली, बरोबर मलाही वाटत नाही, पण साट्यालोट्यात असंच करतात. विठ्ठलरावांना बोलावलं होतं. बैठक दोन दिवसांनी ठरली.

रोहिणीला भीती वाटली का? थोडीसुद्धा नाही. तिला पक्कं ठाऊक होतं, की चुलते काही म्हणोत, सासू काही म्हणो, शेवटी विचारणार बजरंगला. आणि बजरंगला दहा वाक्यं नाही जमली तरी "न्हाई" एवढा एक शब्द जमेल. एका शब्दावर तर सगळं होतं. तिनं स्वप्नालीलाही तसंच सांगितलं, तू काळजी करू नको, हे मला सोडणार नाहीत.

बैठकीच्या आदल्या दिवशी अळ्या चौथ्या कातीला बसल्या. दुपारी ती शेडवर गेली तर गोणपाट आधीच अंथरलेलं. त्यानं दोनदा थापटलं. ती बसली. तिच्या मनात आलं, विचारावं का, उद्या काय बोलणार? मग तिला स्वतःचीच लाज वाटली. ह्या माणसाला विचारायचं? इतक्या वर्षांनी? त्यानं खिशातून सीताफळ काढलं, फोडलं, आणि त्या दिवशी अर्धं नाही, सगळंच तिच्या हातात दिलं. तिच्या बिया तो तळहातावर झेलत राहिला. मग तिचं डोकं खांद्यावर घेतलं. एवढं त्यानं कधी केलं नव्हतं, दिवसाउजेडी तर नाहीच. तिला वाटलं, मिळालं उत्तर. ती तशीच डोळे मिटून बसली, आणि आयुष्यात इतकं निवांत तिला कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सतरंजी टाकली. विठ्ठलराव, भावकीतले दोघं, छबुबाई, आणि कडेला पायरीवर बजरंग. रोहिणी दाराच्या चौकटीला टेकून उभी. स्वप्नाली आतून म्हणत होती की वैनीचा काय गुन्हा, तिला कशाला धाडता. तिला छबुबाईनं गप केलं. विठ्ठलरावांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, जसं काही कुणाला माहीतच नव्हतं. मग ते वळले आणि म्हणाले, "बजरंग, बायको तुजी हाय. तू न्हाई म्हणलास तर इषय इथंच संपला. बोल."

इतकं सोपं करून दिलं होतं म्हाताऱ्यानं!

बजरंग हाताकडं बघत बसला. रोहिणी त्याच्याकडं बघत राहिली. पहिला थोडा वेळ तिला काही वाटलं नाही. तिला त्याच्या गप्पपणाची सवय होती, त्याच्यात काय असतं ते तिला वाचता येत होतं. तो शब्द जुळवतोय, असं ती मनाशी म्हणाली. मग त्यानं अंगठ्यानं नखातला चीक खरवडायला सुरुवात केली. भावकीतला एकजण खाकरला. त्या गप्पपणात काहीच नव्हतं. तिनं वरून खालून शोधलं, तिच्यासाठी त्यात काहीच ठेवलेलं नव्हतं.

"गप हाय म्हंजी मान्य हाय," विठ्ठलराव म्हणाले आणि उठायला लागले.

तरीसुद्धा तिनं त्याला माफ केलं असतं, बरं का. चार माणसांत जीभ उचलली नाही, आईपुढं बोलता आलं नाही, असं म्हणून तिनं त्याची बाजू घेतली असती, बायका घेतातच. पण तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरची बायडाबाई फाटकातून आत आली. डोक्याला फडकं बांधलेलं, हातात भाकरीचं गाठोडं. तिला बैठकीचं काही ठाऊक नव्हतं. ती थेट बजरंगला विचारायला लागली, की पाला विहिरीकडच्या कडेनं तोडायचा का रस्त्याकडच्या.

रोहिणीनं विचारलं, "बायडाबाई, तुमाला कुणी बोलावलं?"

"बजरंगनंच की. परवा सांजचं घरी येऊन बसला व्हता. म्हणला, अळ्या मोठ्या हुत्याल, रोहिणी आठ-पंधरा दिस न्हाई, तवा तू ये. चांगला चहा पिऊन, समदं समजावून सांगून गेला. कावून गं, तू गेली न्हाईस व्हय अजून?"

परवा. रोहिणीनं मनातल्या मनात दिवस मोजले, दोनदा मोजले. परवा सांजचं. आणि गोणपाट काल दुपारी. म्हणजे सीताफळ फोडलं तेव्हा ह्याला माहीत होतं. खांद्यावर डोकं घेतलं तेव्हा माहीत होतं. तिच्या जागी पाला टाकायला बाई ठरवून, वर चहा पिऊन आलेला हा माणूस, तिच्याजवळ बसून तिच्या बिया झेलत होता. आणि ती डोळे मिटून बसली होती. तिला सगळ्यांत जास्त कशाची चीड आली असेल तर त्या मिटलेल्या डोळ्यांची.

ती रडली नाही, भांडली नाही. पिशवी भरली. मोटारसायकलवर एरवी ती त्याच्या खांद्याला धरायची. त्या दिवशी मागच्या कॅरिअरला धरून बसली. वडवणीत त्यानं गाडी थांबवली, डझनभर केळी घेतली आणि पिशवीत ठेवली. तिच्या गावाच्या फाट्यावर आल्यावर तो पुढं काही येईना. घरापर्यंत जायचं, तिच्या आईला तोंड दाखवायचं, तेवढीही हिंमत नव्हती. तिनं पिशवी हातात घेतली आणि उभी राहिली. खरं सांगायचं तर तेव्हासुद्धा ती वाट बघत होती. तो म्हणाला, "येतो." आणि गाडी वळवली.

माहेरी ती बावीस दिवस राहिली. बद्रीनाथला तिनं एकच सांगितलं, बाजारात मारलंस तर माफी पण लोकांत माग. तो गुरगुरायचा आणि बाहेर निघून जायचा. आई रोज म्हणायची, अगं बोल की काहीतरी, घर खायला उठलंय. पाचव्या दिवशी बजरंगचा फोन आला. तिनं उचलला. तिकडून तोच आवाज, अळ्या पाला खातानाचा, भुरभुर भुरभुर. त्यानं फोन रॅकपाशी धरला होता. पंचमीला ह्याच आवाजासाठी ती सकाळच्या गाडीला पळाली होती. ह्या वेळी तिला दिसलं, की त्या फांद्या तर बायडाबाईनं टाकल्यात. तिनं फोन कट केला आणि भांडी घासायला बसली.

शेवटी छबुबाईचं गणित बरोबर आलं. आईच्या रडण्यानं म्हणा किंवा बहीण घरात बसलेली बघवेना म्हणून म्हणा, बद्रीनाथ चार माणसांत चुकलो म्हणाला, क्लासलाही हो म्हणाला. मग स्वप्नालीचा रोहिणीला फोन आला. ती घुटमळत म्हणाली, की वैनी, तुझ्या मनात काय आहे मला ठाऊक आहे, पण तू इकडं आली नाहीस तर मला तिकडं कसं धाडतील? आत्ता कुठं हे नरमलेत. रोहिणी म्हणाली, येते. असं असतं बघा साट्यालोट्यात. स्वतःच्या नवऱ्यावर रुसायचं म्हटलं तरी दुसरीचा संसार मध्ये येतो.

वडवणीच्या स्टँडवर दोन्ही मोटारसायकली आल्या. बजरंगच्या मागून स्वप्नाली उतरली, बद्रीनाथच्या मागून रोहिणी. आपण अदलाबदल करायच्या पिशव्या असाव्यात तसं दोघींनी एकमेकींकडं बघितलं. स्वप्नालीनं तिचा हात धरला, म्हणाली, हे सगळं माझ्यामुळं झालं. रोहिणी म्हणाली, तुझ्यामुळं नाही गं वैनी, मला कळायला उशीर झाला एवढंच. मग दोघी गाड्या बदलून बसल्या आणि दोन गाड्या दोन दिशांना गेल्या.

छबुबाईनं उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला, पुरणपोळी केली. रोहिणी नेहमीसारखी कामाला लागली. नवी बॅच आली, तिनं पाला टाकला, खांबाशी गाठ पडली की वळून परत फिरली. दोन आठवड्यांनी अळ्या चौथ्या कातीला बसल्या. दुपारी तिला बजरंगची भाकरी घेऊन शेडवर जावंच लागलं. दारात गोणपाट अंथरलेलं होतं. तो सरकला आणि दोनदा थापटलं.

ती उभीच राहिली. आत सगळ्या अळ्या डोकी वर करून निश्चल बसलेल्या. तिनं विचारलं, "त्या दिशी हितं बसलो व्हतो, तवा तुमाला माहीत व्हतं?"

बराच वेळ गेला. ह्या वेळी तिनं त्या वेळात काही वाचायचा प्रयत्न केला नाही, नुसती थांबली.

"व्हतं," तो म्हणाला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं, हे तिला दिसत होतं. "आईला न्हाई म्हणवंना. तुला सांगायसाठीच बसलो व्हतो गं. मला बोलताच येत न्हाई, तुला ठावं हाय की."

"बायडाबाईच्या घरी बरं आलं."

तो मान खाली घालून बसला, आणि त्याची ती वाकलेली मान बघून रोहिणीला दया आली. दया आली, हीच तर पंचाईत. बोटं दाबणारा हात हाच होता, विटांची पायरी रचणाराही हाच. ते खोटं होतं असं तिला म्हणता येत नव्हतं, आणि आता ते पुन्हा घेताही येत नव्हतं.

ती गोणपाटावर बसली. आणि बसल्या बसल्या बोलायला लागली. शेवग्याला किती शेंगा लागल्या, स्वप्नालीच्या क्लासात किती पोरी आहेत, कुणाच्या म्हशीनं काय केलं, चौसाळ्यात साखर कुठं चांगली मिळते, एक विषय संपायच्या आत दुसरा. एका ठिकाणीसुद्धा तिनं फट सोडली नाही. त्यानं फोडलेलं सीताफळ तिनं घेतलं, खाता खाता बोलली, बिया स्वतःच्या हातात गोळा केल्या. त्यानं तिचं बोट धरलं, तिनं काढून नाही घेतलं. पण बोलायचंही थांबली नाही.

आता दर कातीला असंच चालतं. रस्त्यानं जाणाऱ्या बायांना शेडमधून रोहिणीचा आवाज ऐकू येतो, आणि त्या म्हणतात, बघा, माहेरी राहून आली तर कशी खुलली, नवऱ्याशी दिवसभर गप्पा चालतात. छबुबाई पण म्हणते, बरं झालं बाई, सून माझी पहिल्यासारखी झाली. परवा म्हणे बजरंगनं मध्येच हात जोडले. रोहिणी साबणाचा भाव सांगत होती.

"रोहिणे," तो म्हणाला, "थोडा वेळ गप बस की. आपण बसायचो तसं."

तिनं त्याच्याकडं बघितलं. बोलताना तिचा आवाज चढला नाही, उलट आधीपेक्षा मऊच होता.

"तसं बसाय मला डोळं मिटावं लागत्यात," ती म्हणाली, आणि साबणाचा भाव जिथं सोडला होता तिथून पुढं सांगायला लागली.